रूट आठ, रूट दोन आणि आमच्या बाया

रिटायर झाल्यावर गणिताच्या बाई सूत्रं विसरतात, पण विद्यार्थ्यांनी दिलेली उत्तरं डोक्यातून जात नाहीत. अमरावतीत माझ्या घरी दुपारी बाहेरून दहावी देणाऱ्या बायांचा क्लास चालतो. त्यामुळे माझ्याकडचा साठा वाढतोच आहे.

*

वंदना अंगणवाडीत मदतनीस. दहावी झाली तरच सेविका होणार, आणि गणितात आधी एकदा उडालेली. पहिल्याच दिवशी मी आयत काढला. लांबी रूट आठ, म्हणजे आठचं वर्गमूळ, रुंदी रूट दोन. परिमिती विचारली. तिनं बेरीज केली, रूट दहा.

"असं नाही होत," मी म्हटलं.

"काहून नाई? दोघंबी रूटच्याच घरातले हायेत ना?"

मग रूट आठचे दोन रूट दोन करून दाखवले. त्यात एक रूट दोन मिळवला, तीन रूट दोन. दुप्पट केली, परिमिती सहा रूट दोन.

वंदनानं ते वहीत उतरवलं. "म्हंजे आधी सारखे करा लागते, मंग मिळवा लागते. आमच्या घरात बी असंच केलं असतं तं बरं झालं असतं."

*

रुखसानाबाजी शिवणकाम करतात. परिमिती म्हणजे चादरीला चारी बाजूंनी लावायची पट्टी, असं मीच त्यांना समजावलं होतं. त्यांनी उत्तर बरोबर काढलं आणि पुढं लिहिलं, "अधिक दोन बोटं".

"हे कशाला?"

"बाई, पट्टीले जोड कशाचा देऊ मंग?"

*

सुमनचं माहेर हिवरखेडचं, शेतीवालं. ती लांबी-रुंदी मिळवून थांबायची, दुप्पट करायचीच नाही. शेवटी मी वैतागले. "उरलेल्या दोन बाजू कोणी मोजायच्या?"

"त्या बाजूचं कुंपण शेजारी करते, बाई. आमच्याकडं तसंच असते."

*

परीक्षेला मी गेटबाहेर उभी होते. वंदना बाहेर आली. "रूट सत्तावीस अन् रूट बारा आले होते. मिळून पाच रूट तीन."

"आणि दुप्पट?"

ती चपलेचा पट्टा नीट करू लागली. "केलीच असन, बाई."



*

निकालाच्या दुपारी फोन आला तो तिच्या सासूबाईंचा. वंदना स्वतः का बोलत नाही?

"वंदना कुठं आहे?"

"झोपली हाय. पास झाल्याचं पायलं अन् आडवीच झाली."

मी खुर्चीत बसले. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "लोकं भेटाले येऊन राह्यले. म्या दारातच सांगतलं, दहावी पास बाई झोपली हाय, चपला हळू काढा."