मनातलं अगं-तुगं

गल्लीत त्यांना सगळे खळमावशी म्हणत. उभी हयात एका मोठ्या बंगल्यातल्या कपड्यांना खळ घालून इस्त्री करण्यात गेली, आणि त्यातली थोडी खळ त्यांच्या जिभेवरही चढली होती. मोतीबिंदूमुळे हल्ली वाचता येत नसे, म्हणून सून रोज संध्याकाळी त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. शंभर वर्षांपूर्वीचं गिरणीमालकाचं घराणं, त्याच्या तीन पिढ्या, आणि त्याच घरात धुणं धुणारी एक पोर.

सून स्वतः अशाच एका बंगल्यात वाढलेली. गुणी होती, पण बोलणं तोलूनमापून. "अहो आई, चहा घेता?" "अहो आई, औषध घेतलंत?" माहेरच्या आईशी मात्र फोनवर "अगं आई" करत तासभर खिदळायची. मावशींच्या मनात तेवढंच एक कुसळ सलत होतं.

कादंबरी संपली तशी गल्लीतल्या वाचकमंडळाची माणसं मावशींच्याच बाहेरच्या खोलीत चर्चेला जमली. निवृत्त मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "धुणेवालीचं मन काय उलगडलंय! डोळ्यांत पाणी आलं." शेजारच्या शिंपीणबाईंचं वेगळंच. "प्रत्येक पिढीत एकाला खोकून खोकून मारायलाच हवं होतं का?"

"ती पोर खोटी आहे," कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या.

"ती कशी काय?" मास्तर चमकले.

"मनातल्या मनातसुद्धा मालकिणीला अहो म्हणते! आम्ही तोंडावर अहो बाईसाहेब म्हणायचो, आणि मनात? अगं भवाने, एका सुरकुतीसाठी किती बोंबलशील!"

सगळे पोट धरून हसले. सून तेवढी हसली नाही, आणि ते बघून मावशी चपापल्या. तोंडावर अहो म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं, हे आपणच चारचौघांत सांगून बसलो. मग हिच्या मनात आपण कोण? विचारायची हिंमत काही झाली नाही.

मंडळी गेल्यावर दोघी कपबशा विसळायला लागल्या.

"मला नाही पटलं तुमचं," सून म्हणाली. "त्या पोरीचा मालकिणीवर जीव होता."

"जीव! अहो-जाहो करून कुणी जीव लावतं होय? अहो म्हणायचं म्हणजे माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं. बंगल्यातल्या लोकांना ते बरोबर जमतं, मी जन्मभर बघितलंय..."

मावशींच्या तोंडाचा पट्टा सुटला. त्या आता सुनेच्या माहेरापर्यंत पोचायच्याच बेतात होत्या.

"अगं आई, थांब ना गं! माझं ऐकशील की नाही?"

सुनेने जीभ चावली. हातातली बशी तशीच राहिली. "चुकलं. अहो आई, मी..."

"राहू दे." मावशींचा आवाज त्यांना हवा तेवढा कडक निघाला नाही. "आता वरून खळ घालू नकोस. बोल, काय म्हणत होतीस?"

आणि जन्मात पहिल्यांदा खळमावशींनी दुसऱ्याचं मत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पटलं मात्र नाही.