पेटवून खायचं गोड

विलायतेत मी दोन वर्षं राहिलो ते कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला. धुळ्याला परतल्यावर त्या शास्त्राबद्दल मला एकानंही काही विचारलं नाही. सगळ्यांना एकच हवं होतं: मी तिकडे खाल्लं काय?

नुसतं कुतूहल असतं तर मीही हातचं राखलं नसतं. पण धाकट्या बहिणीचं लग्न चोपड्याच्या एका केळीबागायतदाराच्या घरी ठरलं होतं, आणि मुलाचे आजोबा आमच्या समाजाचे पुढारी होते. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचा निरोप आला की, समुद्र ओलांडून आलेल्यानं आधी सभेपुढे काय खाल्लं ते सांगावं, पापाच्या मापानं प्रायश्चित्त घ्यावं, मग अक्षता पडतील. जमाना बदलला आहे, असं आबा भाषणात नेहमी सांगत. पण ते भाषण होतं.

निघताना बहीण दाराशी आली. "दादा, काय खाल्लंस ते मला सांगू नकोस," ती म्हणाली, "आणि त्यांनाही फार सांगू नकोस."

चोपड्याच्या देवळाचा मंडप गच्च भरला होता. माझ्या पापाला एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. आबा लोडाला टेकले होते आणि त्यांचा फेटा त्यांच्याहून जास्त गंभीर दिसत होता. शेजारी भटजी पळी-पंचपात्र मांडून बसले होते. माझे वडील खांबाला टेकून जमिनीकडे बघत होते.

"बोल भाऊ," आबा म्हणाले. "बठ्ठं सांग. दडवू नको."

मी सांगितलं की माझी घरमालकीण कोबी उकडायची, बटाटे उकडायची आणि रविवारी बदल म्हणून दोन्ही एकत्र उकडायची. मी मांस खात नाही म्हणून ती मला आजारी समजायची. तिची पाठ वळली की मी आईनं दिलेला काळा मसाला त्यावर भुरभुरवायचो.

सभेचा चेहरा पडला. मागून कोणीतरी म्हणालं, "एवढंच? मंग आम्ही गाड्या कसाले जुप्यात?"

"आणि केळी?" आबांनी विचारलं.

"मिळतात. बशीत घेतात, सुरीनं कापतात आणि काट्यानं टोचून खातात."

"केळं? काट्यानं?"

"हो आबा."

"त्यास्ले हात नही का?"

आता मंडपात जीव आला. देवापुढचं एक केळं उचलून माझ्या हातात दिलं गेलं, भटजींची पळी सुरी म्हणून मागून घेतली गेली आणि मला ते सगळं करून दाखवावं लागलं. लोकांनी पुन्हा एकदा दाखवायला लावलं. चोपड्याच्या बागायतदारांना समुद्र ओलांडण्याहून हे पाप मोठं वाटलं, पण ते माझं नव्हतं.

मग मी चीजकडे वळलो. "दुधाचाच पदार्थ. त्याला निळी बुरशी येऊ देतात."

"आणि फेकतस," आबा म्हणाले.

"नाही, खातात. बुरशी जास्त तितकी किंमत जास्त."

"तू खादं?"

"नखाएवढं."

भटजींचा चेहरा उजळला. पाप सापडलं होतं.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण नाताळच्या पुडिंगचा, त्या गोड पक्वान्नाचा, काळा, जड गोळा माझ्या मनातून जात नव्हता. घरमालक दिवे मालवायचा, गोळ्यावर दारू ओतून काडी लावायचा आणि निळ्या ज्योतीत सगळ्यांचे चेहरे भुतासारखे दिसायचे. मी तो दोनदा मागून घेतला होता. त्यात जनावराची चरबी असते हे घरमालकिणीनं नंतर, मोठ्या कौतुकानं कृती सांगताना सांगितलं. विलायतेत माझ्याकडून खरोखर काही पाप घडलं असेल तर ते एवढंच.

"आबा, मी एक दारू ओतून पेटवलेला पदार्थही खाल्लाय."

"पेटवेल?" आबा लोडावरून पुढे सरकले. "गोड शे का?"

"गोड."

"सणाचा?"

"सणाचा."

"मंग त्यात काय?"

"दारू अग्नीत गेली," भटजी म्हणाले. "अग्नीत गेलं ते शुद्ध."

"पण त्यात आणखी एक असतं..."

खांबाजवळून वडील खोकले. तो खोकला सर्दीचा नव्हता.

"मनुका असतात," मी वाक्य पुरं केलं.

बुरशीचं प्रायश्चित्त म्हणून मला पंचगव्य मिळालं. त्यातल्या दूध, दही आणि तूप या तिघांबद्दल माझी काही तक्रार नाही. उरलेल्या दोघांनंतर मला चीजची सारखी आठवण येत होती. ही कृती घरमालकिणीला कळवावी असंही वाटलं, पण ती मला आधीच आजारी समजत होती.

लग्न थाटात झालं. पंगतीत आबांनी मला मुद्दाम शेजारी बसवलं. पानावर खापरावर भाजलेले मांडे आले, रुमालासारखे घडी घातलेले, वर तुपाची धार. आबा बराच वेळ मांड्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे झुकले.

"भाऊ, तूप शे. काडी लावली तं पेटी का?"

त्यांच्या मुठीत काडेपेटी होती. समोर नवऱ्यामुलाशेजारी बसलेल्या बहिणीनं ती पाहिली आणि माझ्याकडे बघून जिवाच्या आकांतानं मान हलवली.

"तुपानं नाही पेटत, आबा," मी म्हणालो. "त्याला विलायती दारूच लागते."

आबांनी काडेपेटी बंडीच्या खिशात परत टाकली, मांडा मोडला, एक घास खाल्ला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं,

"धुळ्याले मिळस का?"