ठोकेवाले तात्या

ज्या माणसाच्या घरात सेकंदाचे कोटी तुकडे मोजले जायचे, तो माणूस जन्मात कुठेही वेळेवर पोचला नाही. लग्नाला गेले तर पंगती उठत आलेल्या, एसटी गाठायला गेले तर धुरळा तेवढा शिल्लक. मनगटावर घड्याळ नव्हतंच. कोणी टोकलं की म्हणायचे, "वेळ बघायचं काम माझं न्हाय. मी ठोकं बघतो." कळस गावाने मग त्यांचं नाव ठोकेवाले तात्या करून टाकलं.

साखर कारखान्यात काटे आणि मापकं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. मी बारामतीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेतला फ्रिक्वेन्सी काउंटर, म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते मोजणारं यंत्र, भंगारात निघालं होतं. कोणीतरी तात्यांचं नाव सुचवलं. ते आले, अर्थातच तीन तास उशिरा. झाकण काढून आत नाक खुपसलं आणि म्हणाले, "एक कपॅसिटर वास मारतोय. बाकी गडी धडधाकट हाय." चौथ्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि माझे रविवार कळसला जायला लागले.

तिथे मागच्या खोलीत त्यांची पेटी होती. पेटीत क्वार्ट्झचा नखाएवढा स्फटिक, आणि त्याच्याभोवती सतत एकाच तापमानाला राहणारी छोटी भट्टी. तो सेकंदाला एक कोटी ठोके द्यायचा. तात्यांचा पण असा: शंभर सेकंदांत शंभर कोटी ठोके पडले पाहिजेत, आणि अख्ख्या वर्षात त्यात दहाच्या वर फरक पडता कामा नये. रोज सकाळी सहाला ते आकडा वहीत उतरवायचे. दिवसभरात एवढी एकच वेळ त्यांनी पाळली. एक दिवस जरी आकडा लिहायचा राहिला तरी वर्ष मोडलं, असा त्यांचाच नियम. "मधी भोक पडलं की त्या भोकात काय झालं हे कुणी सांगावं?" असं म्हणायचे.

खोली जरा तापली तरी स्फटिक हलतो. थर्माकोल झाला, काचलोकर झाली, शेवटी त्यांनी वडिलांची घोंगडी कापून भट्टीला गुंडाळली. घराण्यात पूर्वी मेंढरं होती, घोंगडी त्यांच्याच लोकरीची. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, दोन दिवस अबोला धरला. "सासऱ्यांची घोंगडी फाडली, आन कशाला, तर डब्याला," असं त्या मला ऐकवायच्या. तात्या शांतपणे म्हणायचे, "घोंगडी ऊब देत न्हाय, हाय ती जाऊ देत न्हाय. डब्याला तेवढंच पायजे."

चार वर्षं पेटी एकदाही बंद झाली नव्हती. असा स्फटिक चालू ठेवावा तितका मुरतो, त्याचे ठोके स्थिरावतात, आणि बंद केला की मुरायला पुन्हा महिनोन्‌महिने घेतो. वीज गेली तर ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या तयार असायच्या. आणि एका पावसाळ्यात आकडे नाचायला लागले. कधी चौदा जास्त, कधी एकोणीस कमी. तात्यांनी महिनाभर डोकं खाजवलं, आणि स्फटिकच बिघडला असं ठरवून पेटी बंद केली, उघडली, भट्टी नव्याने बांधली. तरी नाच चालूच. मग कारखान्याची टोळी आली, घरामागचा ऊस तुटला आणि दुसऱ्या दिवशी आकड्यांचा नाच मुकाट थांबला.

दोष स्फटिकाचा नव्हताच. ज्या उपग्रहाच्या संकेताशी ते ठोके ताडून बघत, त्याचा अँटेना उसाच्या कडेला एका पाइपावर होता. ऊस बारा फूट वाढला, ओली पानं अँटेनावर आली, संकेत अडखळायला लागला. बिचाऱ्या स्फटिकाची चार वर्षं फुकट गेली. मला तात्यांसमोर बसवेना. ते मात्र शिडी शोधत होते. अँटेना पाण्याच्या टाकीवर चढवून खाली आले आणि म्हणाले, "ज्याच्याशी मोजतो तेच तपासलं न्हाय. चूक माझी. डबा मुरला की वरीस परत लावतो."

डबा मुरायला सात महिने लागले. वर्ष लावलं आणि दुसऱ्याच महिन्यात तात्यांच्या पोटाच्या दुखण्याचं नाव कळलं. कॅन्सर. डॉक्टर वर्षाची खात्री देईनात. तात्याच म्हणाले, "मला तरी कुठं जास्ती पायजे? एकच वरीस पायजे." बारामतीला औषधं चढवायला जायचं असलं तरी सहाचा आकडा लिहूनच गाडीत बसायचे. अकराव्या महिन्यात मात्र त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रोज भेटायचो. वहीचा विषय त्यांनी काढला नाही, मला विचारायचा धीर झाला नाही. सहाव्या दिवशी तात्या गेले.

दिवस झाल्यावर मी कळसला गेलो. पेटी चालू असेल, पण वर्ष मोडलं, हे मी मनाशी धरून चाललो होतो. काकूंनी वही पुढे ठेवली. दवाखान्याच्या पहिल्या दिवसापासून अक्षर बदललं होतं, मोठं, शाळेत गिरवल्यासारखं. एकही दिवस कोरा नव्हता. तात्या गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा दोनने जास्त होता आणि पुढे शेऱ्यात लिहिलं होतं, "घरात माणसं फार. खोली तापली."

माझ्याच्याने पुढचं वाचवेना. "काकू, त्या दिवशीसुद्धा?"

"दवाखान्यात जाताना शिकवून गेले हुते. जास्ती-कमी झालं तर का झालं ते लिवायचं, म्हणाले." त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. "अजून बारा दिस हायत. चहा घेता न्हवं?"

वर्ष भरलं त्या सकाळी मी पहाटेच निघून कळसला पोचलो. काकूंनी आकडा वाचला, मी ताडून पाहिला. वर्षाचा फरक सात ठोक्यांचा. मी विचारलं, "आता बंद करायची का पेटी?"

"हे वरीस त्यांचं झालं," काकू म्हणाल्या, आणि खाली पट्टीने रेघ मारून त्यांनी उद्याची तारीख घातली.