पिसवा काढणारे आबा

कुणाच्याही घरात पिसवा काढायला शिरण्याआधी आबा उंबऱ्यापाशी थांबायचे, चौकटीवर हात ठेवायचे आणि आत डोकावून विचारायचे, "आत कोन ऱ्हायलं नाय ना?" घरची माणसं, कुत्रं, मांजर, सगळी त्यांच्या मागे अंगणात उभी असायची. तरी ते विचारायचे. आणि विचारून लगेच पुढे जायचे नाहीत, उत्तराची वाट पाहायचे. बराच वेळ काही ऐकू आलं नाही की मग आत पाऊल टाकायचे.

प्रत्येक गावात असा एखादा माणूस असतो, तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या कामाला नाव नसतं, पण त्याच्यावाचून गावाचं चालत नाही. आबांची डोंगरउतारावर थोडी नाचणी होती, आणि पिसवा काढणं हा त्यांचा वसा होता. मी पोलादपूरला शाळामास्तर म्हणून आलो ते पहिलं वर्ष. घरात कुत्रा माझा, खंड्या, आणि मांजर हिची, म्हणजे माझ्या बायकोची, साखर. पिसवा मात्र दोघांच्या सामाईक. दिवाळीच्या सुट्टीत कुत्र्या-मांजरासकट आम्ही बैलगाडीनं तुडीलला हिच्या माहेरी गेलो, आणि तीन आठवड्यांनी परत येऊन घर उघडलं, तर पोटऱ्यांवर मूठभर मोहरी फेकावी तशा पिसवा उडाल्या.

आबांनी माझे पाय पाहिले. म्हणाले, "त्यांना उपास घडला व्हता, गुर्जी. पारनं तुमच्यावर फिटलं."

मग धोतर गुडघ्याच्या वर खोचून त्यांनी दोन्ही पोटऱ्यांना पांढऱ्या फडक्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, नेहमीचा प्रश्न विचारला आणि एकेका कोपऱ्यात सावकाश उभे राहून बाहेर आले. पट्ट्यांवरचे काळे ठिपके मोजले, कढत पाण्याच्या बादलीत पट्ट्या टाकल्या. "एकवीस. तेवीसच्या वर असतील तं घर इचार करन्याजोगं." हा तेविसाचा आकडा कुठून आला ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी खंड्याला धुऊन काढायला निघालो होतो. त्यांनी मला हातानंच थांबवलं. "पिसू कुत्र्यावर ऱ्हात नाय, गुर्जी. ती ऱ्हाते जमिनीत. कुत्र्यावर फकस्त जेवाया येते." खंड्या निजायचा तिथली जमीन त्यांनी बोटभर खणून टाकली, घरभर पातळ पेंढा पसरून पेटवला आणि ओलं गोणपाट घेऊन जाळाच्या मागे मागे फिरले. मग चुना घातलेल्या मातीनं जमीन केली, वर निरगुडीचे ढाळे टाकले. त्यानंतर खंड्याला नदीवर नेलं. रिठ्याचा फेस आधी त्याच्या गळ्याभोवती गोल लावला. "आधी मान. न्हायतर पानी लागताच सगळ्या कानात जाऊन बसतात. पयला रस्ता बंद कराचा."

"बाराव्या दिशी परत येतो," जाताना म्हणाले. मी म्हटलं, आता एकही राहिली नाही. तेव्हा म्हणाले, "पयल्या खेपेला आई-बाप मरतात, गुर्जी. पोरं मागनं निगतात."

साखरेला ते पाणी लावत नसत. कमरेच्या चंचीतून एक बारीक दातांची लाकडी फणी काढायचे आणि तिला मांडीवर घेऊन विंचरायचे. आमची साखर फार मानी, माझ्याजवळ कधी आली नाही. पण फणी दिसली की ती आबांच्या मांडीवर जाऊन आडवी व्हायची. मला याचा थोडा रागच येई.

एकदा हिनं विचारलं, "आबा, घरात कुणी नसतं, मग तुम्ही विचारता कुणाला?"

ते फणी चालवत राहिले. "गाठीचा ताप आला तवा आमी माळावर झोपड्या टाकल्या, बाय. मांजर घरातच कोंडली. दान्याला उंदीर लागू नये म्हनून. कुलूप मीच घातलं. मांजर म्हंजे कोन नव्हं, असं वाटलं मला. आमची कारभारीन रोज दूध घालाया जायाची. मला कळलं तवा तिला ताप भरला व्हता. मेल्या उंदरावरच्या पिसवा, उपाशी. आत जाईल त्याच्यावर पडनार." फणीत अडकलेले केस काढत म्हणाले, "ही फनी तिची."

ही गोष्ट मी माझ्या कानांनी ऐकली होती. ते मुद्दाम सांगतो, कारण पुढचं मला लपवता येत नाही.

दोन वर्षांनी आमच्या आळीत उंदीर मरून पडले, तोच गाठीचा ताप. घरं सोडायचा हुकूम झाला. नदीपलीकडच्या माळावर झापांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. कणगीत सासऱ्यांनी पाठवलेलं भात होतं. आळीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, मांजर आत ठेवा, दाणे वाचतील. खंड्याला राखणीसाठी बरोबर घेतलं, साखरेला आत ठेवून मी कुलूप घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा झोपड्या पाहत आले. "खंड्या हाय. मांजर कुठं हाय?"

"घरात," मी म्हणालो. "कणगी आहे ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बाय कुठं हाय?"

"पाण्याला गेली."

झोपडीच्या दाराशी घागर भरलेली होती. आम्ही दोघांनी ती एकदमच पाहिली. त्या वयात आबा पळाले, मी त्यांच्या मागे. ही आळीच्या तोंडाशी सापडली. पदराखाली दुधाची वाटी, आणि बंद खिडकीची फळी सैल आहे हे तिला ठाऊक होतं. आज पहिल्यांदाच आले, असं तिनं शपथेवर सांगितलं. आबांनी वाटी तिच्या हातून काढून घेतली.

"मागारी जा गो, बाय. दूध मी घालतो."

"ती आत रडतेय, आबा. उद्या मी परत येईन." ती खोटं बोलत नव्हती.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. मग माझ्यापुढे हात केला. "किल्ली."

मी किल्ली दिली. मी जातो, असं मी म्हणालो नाही. नुसतं तोंडदेखलंसुद्धा म्हणालो नाही.

त्यांनी पट्ट्या बांधल्या, कुलूप काढलं, चौकटीवर हात ठेवला. "आत कोन ऱ्हायलं नाय ना?"

आतून साखर ओरडली. इतक्या वर्षांत त्या माणसाला मिळालेलं ते पहिलं उत्तर. मग ते आत गेले आणि मांजर गोणपाटात घालून बाहेर आले. पट्ट्या काळ्या झाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मोजलं नाही.

"जवळ येऊ नका," म्हणाले. "बारा दिस हिला माझ्याकडं ठेवतो. मंग घेऊन जावा."

नदीकाठी त्यांची राखणीची खोपी होती, तिथे ते राहिले. रोज सकाळी मी भाकरी नेऊन लांबच्या धोंड्यावर ठेवायचो. पाचव्या दिवशी आदल्या दिवसाची भाकरी धोंड्यावर तशीच होती. खोपीतून आबांचा आवाज आला, बारीक. "गुर्जी, तितंच थांबा."

मी थांबलो.

"बाय गेली नाय ना घराकडं?"

"नाही, आबा."

"मंग झालं."

सातव्या दिवशी आवाज आला नाही. गावानं खोपीसकट त्यांना अग्नी दिला. साखर धोंड्यावर बसून होती. अंगावर एक पिसू नव्हती, सगळी विंचरलेली. हिनं तरीही बारा दिवस मोजले आणि मगच तिला उचललं.

माळावरून घरी परतलो तेव्हा मी कुलूप काढलं, पण उंबऱ्यात ही पुढे झाली. चौकटीवर हात ठेवून तिनं विचारलं, "आत कोण राहिलं नाही ना?" आणि वाट पाहिली. तेव्हापासून सुट्टीहून आलो की ती असंच करते. मी मागे अंगणात उभा असतो.

शेवटी आबांना पाणी तरी कुणी दिलं का, असं तिनं एकदा विचारलं. मी सांगितलं, त्यांनीच थांबा म्हटलं म्हणून मी थांबलो. पण आवाज आला तेव्हा मी आधीच थांबलेला होतो. खोपीच्या झापांतून आबांना ते दिसलं होतं, आणि म्हणूनच ते तसं म्हणाले.