मिठागरवाल्यांच्या घरातली पावलं

१९९४, श्रावणातला एक रविवार, सकाळ. ठिकाण: पनवेलमधलं मिठागरवाल्यांचं जुनं घर, खालच्या खोल्या लोकांना बघायला खुल्या केलेल्या. हजर: सासूबाई, मी आणि, अर्ध्या तासानं, माझी धाकटी जाऊ.

सहल मी ठरवली होती, आणि उगाच नाही. आमच्या गौरी उरणला सासूबाईंच्या घरी बसायच्या. आता त्यांचे गुडघे ऐकेनात, म्हणून या वर्षीपासून त्या दोघी सुनांपैकी एकीकडे आणायच्या होत्या. कोणाकडे, ते सासूबाई सांगत नव्हत्या. थोरली मी. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात मी कडप्प्याचा ओटासुद्धा घालून घेतला होता, दोघी गौरी शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा. मिठागरवाल्यांच्या घरात गौरीची पावलं उमटली आहेत असं ऐकलं होतं. ती बघून विषय आपोआप निघेल, हा माझा हिशेब.

छत्री, पाणी, सासूबाईंच्या गोळ्या, डब्यात थालीपीठ, सगळं मी घेतलं होतं. धाकटी विचुंब्याहून आली ती केस ओले, आणि सासूबाईंची तिच्याकडे राहिलेली शाल आणायची विसरून.

"आई, शाल दोरीवरच राहिली हो!"

"राहू दे. तुझं घर राखत बसेल."

दोघी हसल्या. मी तिकिटं काढली.

घर दाखवणारी बाई तिथलीच, पन्नाशीची. तिनं आम्हाला माजघरात नेलं. काळ्या फरशीवर उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पांढुरकी पावलं होती.

"ही कोनी काढलेली नाय," ती म्हणाली. "गौरी आनायचा दिवस. त्याच दिवशी मिठाची होडी लागलेली. घरातली सून पार गडबडली. रांगोळीची पावलं काढायची इसरली. सासू गौर घेऊन दारात उभी, आन् आत पाऊलच नाय! सून रडाया लागली. तेवढ्यात बघतात तं ओली पावलं दारातून आत चाललेली. गौर आपली आपन आली. सुकल्यावर ती अशी रायली."

मिठाची पोती ठेवलेल्या फरशीला असे डाग पडतात, हे मला ठाऊक होतं. शिवाय दोन पावलं लागोपाठ डावीच होती.

धाकटीनं चप्पल काढून एका पावलाशेजारी आपला पाय ठेवला. "आई, माझ्याच मापाचं आहे बघा!"

"अगं बये, काढ तो पाय! देवीचं पाऊल ते!" म्हणता म्हणता सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी तिचाच खांदा धरला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती माझ्या. माझ्या कुठल्याही बोलण्यावर त्या अशा हसल्याचं मला आठवेना.

अंगणात बसून थालीपीठ खाताना त्या म्हणाल्या, "या वर्षी गौरी धाकटीकडे बसवू."

"माझ्याकडे? मी पावलं काढायची विसरेन, आई."

"तेच तर. हिच्याकडे सगळं वेळच्या वेळी तयार असतं," माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, अगदी मायेनं. "गौरीला काही करायलाच उरायचं नाही."

"आणि वहिनी आहेतच की आठवण करायला," धाकटी म्हणाली. "वहिनी, याल ना?"

"येईन की." मी डबा बंद केला. मी विसरत नाही, हाच माझा दोष ठरला होता. विसराळू सुनेकडे चालत जाणाऱ्या देवीचा मला त्या दिवशी राग आला, आणि जावेचा त्याहून जास्त.

मी गेले. दर वर्षी जाते. तिच्या घरातली पावलं मीच काढते. तिच्या गौरी बघायला सगळी बिल्डिंग येते आणि ती सगळ्यांना सांगते, "सगळं वहिनींनी केलं." ते तर मला अजिबात सहन होत नाही.

आमच्या हॉलमधला ओटा रिकामा आहे. त्यावर टीव्ही ठेवू, असं घरात ठरलं आहे. लांब वायर मी आणून ठेवली, प्लगही बसवून घेतला. टीव्ही तेवढा उचलून ठेवायचा राहिला आहे.