घड्याळवाले लालमियाँ

बदनापुरात लालमियाँना सगळे घड्याळवाले म्हणतात, पण त्यांनी जन्मात एकही घड्याळ उघडलेलं नाही. साखरेचा पाक ताणून ताणून ते गुलाबी-पांढरी मिठाई करत, उंच काठीच्या टोकाला गुंडाळत आणि शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहत. मिठाईची तार ओढून आमच्या मनगटावर घड्याळ बांधत. मोर मागितला तर मोर. निघताना चिमूटभर मिठाई गालावर चिकटवत, ती फुकट. ती जिभेनं गाठायच्या नादात आम्ही घरापर्यंत तोंड वेडंवाकडं करत जायचो.

पुढे चकचकीत पुड्या आल्या आणि पोरं फिरकेनाशी झाली. आपल्याबरोबर हे संपणार, या विचारानं लालमियाँ खचले होते. तेवढ्यात जालन्याच्या हुकमचंद शेटजींचा नातू हर्ष दारात आला. त्यानं पुण्यातल्या एका मॉलमध्ये लिमलेटच्या गोळ्या, बत्तासे, रेवड्या असं जुन्या खाऊचं दुकान काढलं होतं. बरण्या जुन्या मिळाल्या होत्या, आता माणूसही जुना हवा होता.

लालमियाँ गेले आणि दुकानात रीघ लागली. चांगली मोठी माणसं मनगटं पुढे करून फोटो काढून घेत. म्हातारा खुश होता. मला मात्र मोबाइलवर ते फोटो पाहून त्या गर्दीचा रागच यायचा. एवढी माया होती, तर इतकी वर्षं कुठं झोपली होती?

एक दिवस त्यांनी सवयीनं एका लहान मुलीच्या गालावर मिठाई चिकटवली. आईनं किंचाळून लेकीला मागं ओढलं. "हात कसा लावलात तिला?" भोवती मोबाइल वर झाले. लालमियाँ हात जोडून उभे राहिले. हर्षनं बाईची माफी मागितली आणि मग म्हणाला, "चाचा, थोडे दिवस घरी आराम करा. मी बोलावतो. काठी राहू द्या इथंच, शोभून दिसते."

ते गावी आले आणि वाट पाहू लागले. सून सलमा त्यांचा फोन चार्ज करून उशाशी ठेवायची. तो काही वाजेना.

मी म्हणालो, "चाचा, नवी काठी करा ना. शाळेपाशी उभे ऱ्हावा."

"न्हाई भाऊ. दुसरी काठी केली अन् हर्षच्या कानावर गेलं, तर त्याला वाटंल मला यायचंच न्हाई. बोलावलं की येतो, अशी जबान दिलीय. बराबर दिसत न्हाई ते."

दिवाळी झाली तरी बोलावणं नाही. शेवटी ते कुणाला न सांगता रेल्वेत बसले आणि स्वतःच पुण्याला गेले. परत आले ते ओट्यावर बसून राहिले. मी जवळ गेलो.

"भेटला का हर्ष?"

"त्यो न्हवता. काऊंटरवर नवी पोरगी व्हती, तिनं वळखलं न्हाई. काठी काचंच्या कपाटात ठिवलीय. बाजूला माझा फोटू, ह्यो येवढा. फोटूला चंदनाचा हार घातलाय."

आतून सलमाच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला.

"मंग तुम्ही सांगितलं न्हाई का, की ह्यो मीच म्हणून?"

"सांगणारच व्हतो. पण एक बाई फोटूपुढं उभी व्हती, आपल्याकडचीच असंल. लेकराला म्हनली, लई माया करायचे रे हे आजोबा. डोळे पुसले तिनं, हात जोडले. तिच्याम्होरं कसं सांगू, भाऊ, मी जित्ता हाय म्हणून? गुमान मागं फिरलो."