झेब्रावरचा हात

माझी धाकटी जाऊ भिवापूरची. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, हिला नागपुरातला रस्ता काय ओलांडता येणार! आमच्या सक्करदऱ्याच्या चौकात झेब्राचे पट्टे आहेत, पण ते कोणासाठी मारलेत ते कोणालाच ठाऊक नाही. मी सोळा वर्षं त्या पट्ट्यांच्या कडेला उभी राहून गाड्या संपायची वाट पाहत आले. तरी सासूबाई दर गुरुवारी पलीकडच्या देवळात जायच्या त्या माझाच हात धरून, आणि त्याचा मला फार तोरा होता.

मग या बाईसाहेबांनी लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी पुस्तक आणलं. मी म्हटलं, "पुस्तक काहून वाचून राहिली वं? मी तर एजंटकडून काढलं, एक सवाल नाही पाहिला."

"वाचायले काय जाते ताई? हे पाहा, झेब्रावर पायी माणसाचा हक्क पहिला. गाडीवाल्यानं थांबलंच पाहिजे, कायदा आहे."

"कायदा पुस्तकात राहते. चौकात ट्रक राहते."

सासूबाई हसल्या. तेव्हा माझ्या बाजूनं हसल्या.

दुसऱ्याच दिवशी जाऊ त्यांना घेऊन निघाली. पट्ट्यांवर पाय ठेवला, तळहात वर केला, गाडीवाल्यांच्या डोळ्यांत पाहत सरळ चालत गेली. आणि काय सांगू, थांबल्या की गाड्या! ऑटो थांबला, सिटी बस थांबली. सासूबाई सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, "माह्या धाकटीसाठी बस थांबते वं!" डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तर त्यांना दुसऱ्या कोणाचा हात चालेना. मी चप्पल घालून दारात उभी राहिले तर म्हणायच्या, "राहू दे, तुह्यासंग तिथं उभं राहूनच ऊन लागते." माझा जीव नुसता जळायचा. हो, जळायचा, त्यात लपवायचं काय?

त्या गुरुवारी मी स्कूटीवर बाजारातून येत होते. डोक्यातोंडाला मोरपंखी दुपट्टा गुंडाळलेला, वर काळा चष्मा. आमच्याकडच्या बायका उन्हात अशाच निघतात, सख्खी आई ओळखणार नाही. चौकात पाहते तर पट्ट्यांवर त्या दोघी. जाऊचा हात वर. तोच तो हात! माझ्या बाजूचा ऑटो थांबला. मलाही ब्रेक दाबता आला असता, अंतर भरपूर होतं. पण मनात आलं, हिच्यासाठी मी थांबू? मी? हॉर्न दाबला आणि त्यांच्या समोरून गाडी सुसाट काढली. मागून सासूबाईंची किंकाळी आली. आरशात दिसलं, त्या पट्ट्यांवर पडल्या होत्या आणि जाऊ त्यांना उठवत होती. मी थांबले नाही.

अर्ध्या तासानं घरी पोचले. सासूबाई गुडघ्याला हळद लावून पलंगावर बसलेल्या. "कोण बाई होती माय, तोंड बांधलेली! मेलीले डोळे नाही का? मी आता रस्ता नाही ओलांडत. देवाले इथूनच हात जोडीन."

जाऊनं माझ्या खांद्यावरच्या मोरपंखी दुपट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता बोलते, म्हणून मी उत्तर जुळवत उभी.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी ताई नेतील तुम्हाले. पायी."

बस, एवढंच. भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते. तेवढंही सुख दिलं नाही तिनं. मोठेपणातही माझ्या पुढे!

पुढच्या गुरुवारी सासूबाईंनी इतक्या दिवसांनी माझा हात धरला. पट्ट्यांवर मी तळहात वर केला, तर गाड्या माझ्यासाठीही थांबल्या. पण सासूबाई मध्येच अडल्या, माझा हात घट्ट दाबून म्हणाल्या, "नीट पाह्य वं बाई. ती तोंड बांधलेली असंन इथंच कुठंतरी."